कान वयाने गेले की कामाने?

मागच्या महिन्यात एका घरी मलिद्याला गेलो होतो. शेजारी बसलेल्या मावशींना मी विचारलं, "गुडघा कसा आहे आता?" त्या हसून म्हणाल्या, "हो, नातू सैन्यात गेला." त्यांची सून माझ्याकडे वळून हळूच बोलली, "हल्ली फार विसरतात." मला काही तसं वाटलं नाही. मावशी प्रश्न विसरल्या नव्हत्या, त्यांना तो पुरता ऐकूच आला नव्हता. या मावशी दक्षिणेतल्या एका कापड कारखान्यात 26 वर्षं साच्यांवर होत्या. तिथेच काही वर्षं आवाज मोजायचं काम माझ्याकडे होतं.

आपल्यातले बरेच जण मुंबईच्या गिरण्यांतून, रेल्वेच्या वर्कशॉपमधून इथे आले आणि पुन्हा यंत्रांपुढेच उभे राहिले. म्हणून हा विषय.

आपल्या कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो. त्यात बारीक केसांच्या साधारण 15,000 पेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने आधी बारीक, उंच स्वर ऐकणाऱ्या पेशी जातात, 4000 हर्ट्झच्या आसपासच्या. त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं, पण काय बोलतोय ते कळत नाही. स, श, फ, त ही अक्षरं गळतात. पुरुषांचा जाड आवाज समजतो, नातवंडांचा समजत नाही. कुपात होलीमची नर्स फोनवर 'शेश' म्हणाली की 'शेवा', गोळी सहाला घ्यायची की सातला, इथेच घोटाळा होतो. आणि मलिद्यासारख्या ठिकाणी चारजण एकदम बोलू लागले की सगळंच हातचं जातं.

आता मोजण्याबद्दल. इथल्या नियमाप्रमाणे आठ तासांच्या पाळीला 85 डेसिबल ही मर्यादा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज तेवढा किंवा त्याहून जास्त आहे असं समजा. डेसिबलचा हिशेब मात्र फसवा आहे. आकडा फक्त 3 ने वाढला की आवाजाची शक्ती दुप्पट होते. म्हणून 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एकच तास. 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं! साच्यांच्या खात्यात 95 ते 100 ही रोजची गोष्ट होती.

कामगार एका जागी थांबत नाही, म्हणून त्याच्या खांद्यावर, कानाजवळ, एक छोटं यंत्र पाळीभर लावायचं. ते दिवसभराचा आवाज साठवतं. एकाने ते चहाच्या सुट्टीत साच्याला टांगून ठेवलं, आकडा मोठा यावा म्हणून. त्या दिवसाचं मोजमाप फुकट गेलं. त्याचा राग मला आला नाही. आकडा खरा असता तरी पुरेसा मोठा होता.

बायका वेस्टचा कापूस कानात कोंबायच्या. त्याने फारसं काही अडत नाही. फोमचे बोळे चांगले, पण ते बोटांनी बारीक वळायचे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटतो. आणि तो काढायचा नाही. 30 डेसिबल अडवणारा बोळा आठ तासांत अर्धा तास काढून ठेवला, तर पाळीभराचं संरक्षण 12 वर येतं. हे मी लोकांना सांगायचो आणि मुकादमाने हाक मारली की मीच काढायचो. माझा डावा कान त्याची साक्ष देतो.

कानाची तपासणी आम्ही रविवारी सकाळी, पाळी सुरू होण्याआधी घ्यायचो. शब्बातभर कान विसावलेले असतात, म्हणून खरी घट दिसते. पाळीनंतर रात्री लावलेला रेडिओ सकाळी सुरू करताच दचकवायचा, आठवतं का? कान रात्रीतून थोडे सावरत होते. वर्षानुवर्षं असं चाललं की सावरणं थांबतं.

वयाने कान जातात तेव्हा तपासणीच्या कागदावरची रेघ हळूहळू उतरत जाते. आवाजाने गेलेल्यांची रेघ 4000 ला खड्डा पाडून पुढे थोडी वर येते. म्हातारपणी दोन्ही मिसळतात. म्हणून डॉक्टरला केवळ "ऐकू येत नाही" एवढंच सांगू नका. कुठे, किती वर्षं, कोणत्या यंत्रावर, कानात काही घालत होतात का, हेही सांगा. कामाच्या आवाजाने बहिरेपण आल्याचा दावा बितुआह लेउमीकडे करायचा, तर दोन्ही कानांत निदान 20 डेसिबल घट लागते. दाव्याची मुदत 12 महिन्यांची असते. ती घट कागदोपत्री नोंदल्यापासून किंवा ऐकणं कमी होऊ लागल्यापासून, यांतलं जे आधी असेल तिथून मोजतात. ही मुदत फार कडक आहे. त्यात कित्येकांचे हक्क बुडाले. आता काम करणाऱ्या मुलानातवंडांना हे जरूर सांगा.

मावशींचा दावा बसेल असं मला वाटत नाही, फार वर्षं उलटली. पण श्रवणयंत्र मिळालं तर घरातलं बोलणं तरी कळेल. मलिद्याच्या रात्रीच सुनेने आणि मी त्यांच्या कामाची सालं एका कागदावर लिहून काढली. दोघी येत्या रविवारी तपासणीला जाणार आहेत. सुनेला मी एवढंच सांगितलं, की मागून हाक मारू नकोस, समोर उजेडात बसून सावकाश बोल.