त्रेसष्ट आणि छत्तीस : संख्याज्ञानाचा एक पाठ

लहान मूल एक ते शंभर अंक घडाघडा म्हणून दाखविते. परंतु 'त्रेसष्ट लिही' असे सांगताच पाटीवर ३६ लिहिते. अशा वेळी मूल मठ्ठ आहे असा निष्कर्ष शिक्षकाने काढू नये. मुलाने ऐकले तसेच लिहिले आहे. 'त्रेसष्ट' या शब्दात तीन आधी व साठ नंतर ऐकू येतात. लिहिताना मात्र सहाचा अंक प्रथम मांडावा लागतो. शेजारच्या तेलुगू व कन्नड भाषांत साठ आधी म्हणतात, म्हणून तेथील मुलास ही अडचण पडत नाही. 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहिणारे मूलही असेच फसलेले असते. त्याने 'तीस' ऐकले, 'उणे' हा अर्थ त्याला कोणी उलगडून दाखविला नाही.

ही अडचण ओळखूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीला 'साठ तीन' अशी वाचनाची रीत देण्यात आली. गणित समितीच्या अध्यक्षा कै. डॉ. मंगला नारळीकर यांनी तिचे समर्थन केले. त्यावर पुष्कळ वाद झाला. वाद कसाही असो, वर्गातील उपाय शिक्षकाच्याच हाती आहे.

१. प्रथम वस्तू मोजवाव्यात. पाच हळकुंडे मांडून प्रत्येकास बोट लावीत एकेकच शब्द म्हणवून घ्यावा. मग तीच हळकुंडे पसरून 'आता किती?' असे विचारावे. मूल पुन्हा मोजू लागल्यास संख्येची कल्पना अद्याप पक्की झालेली नाही, असे समजावे.

२. तुराटीच्या सारख्या लांबीच्या काड्या कराव्यात. दहा काड्या होताच मुलांनी स्वतः दोऱ्याने जुडी बांधावी.

३. सहा जुड्या व तीन सुट्या काड्या मांडून 'साठ आणि तीन' म्हणावे, ६३ लिहावे आणि त्यानंतरच 'त्रेसष्ट' हे नाव सांगावे. शेजारी तीन जुड्या व सहा सुट्या काड्या ठेवून 'जास्त कोणत्या?' असे विचारावे.

४. 'एकोणतीस' शिकविताना तीन जुड्यांतील एक काडी काढून दाखवावी. हा नियम एकोणनव्वदपर्यंत चालतो. नव्याण्णवला मोडतो, हेही सांगावे.

५. तांड्यावरून येणाऱ्या मुलास आरंभी गोरमाटीत मोजू द्यावे. काडी तीच राहते. नाव मागाहून जोडता येते.

पाठांतर त्याज्य नव्हे. ते काड्यांच्या मागून यावे. वसमतच्या बाजारात हळद विकणाऱ्या शेतकऱ्याचे मूल उद्या वजनाची पावती वाचणार आहे. ६३ च्या जागी ३६ वाचले गेल्यास सत्तावीस किलोंचा फरक पडतो. तो फरक आज पाटीवरच दुरुस्त व्हावा.