कॅमकॉर्डर घेताना पारख कशाची करावी?

मालेगावात नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ सारखे चित्रपट अगदी थोड्या भांडवलात काढले. असे काम करू इच्छिणाऱ्या बंधूंनी कॅमकॉर्डर घेताना झूमच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. डिजिटल झूम चित्र नुसते ताणतो. ती खळीची चमक आहे, पहिल्या धुण्यात उतरते. ऑप्टिकल झूम तेवढा हिशेबात धरावा.

खरी पारख आवाजाची. २००० साली सोनीचे व्हीएक्स२००० आणि पीडी१५० हे दोन कॅमकॉर्डर आले. भिंग व तीन सीसीडींची बांधणी जवळपास एकच. मात्र पीडी१५० ला एक्सएलआर माइक जोडण्याची सोय होती. अशा जोडणीत लांब वायरीतही घरघर कमी शिरते. टेपचा तो जमाना गेला, आता कार्डावर चित्रण होते; पण कसोटी तीच आहे.

दुकानात पुढील गोष्टी तपासाव्यात :

१) बाहेरचा माइक व हेडफोन जोडता येतो का?

२) फोकस, प्रकाश व व्हाइट बॅलन्स हाताने ठरवता येतात का?

३) शटर १/५० वर ठेवता येते का? आपली वीज ५० हर्ट्झची; शटर जुळले नाही तर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते.

आपल्या बजेटमधून माइक, तिपाई व जादा बॅटरीचे पैसे आधी बाजूला काढावेत. उरलेल्यात कॅमेरा घ्यावा. त्याआधी तोच कॅमेरा एक दिवस भाड्याने आणून आपल्याच जागेत चालवून पाहावा. कलाकार कारागीर असेल तर त्याला सुट्टी एकच दिवस. आवाज बिघडला की तो दिवस परत मिळत नाही.