हे कुणाला सांगतोयस?

आमच्या गडमुडशिंगीत गणपतीच्या मंडपात ज्याचा आवाज माईकशिवाय कमानीपर्यंत पोचतो, त्याच्या वाट्याला संभाजी येतो. तोच आवाज घेऊन पोरं पुण्या-मुंबईला नाट्यशिक्षणाच्या ऑडिशनला जातात. तिथं मंडप नसतो, टेबलामागं तिघं-चौघं बसलेली असतात. माझ्याकडं तयारीला येणाऱ्या एकाला त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, "हे कुणाला सांगतोयस?" तो म्हणाला, "प्रेक्षकांना." उतारा कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला. तिथं संभाजी बोलतो ते बापाशी!

उतारा निवडताना आता मी हाच प्रश्न आधी विचारतो. समोर कोण आहे आणि त्याच्याकडून काय हवंय, हे एका वाक्यात सांगता आलं नाही तर दुसरा उतारा शोधायचा. गाजलेल्या उताऱ्यांची आणखी एक अडचण असते. हे नाटक १९६२चं, पण काशिनाथ घाणेकरांचा संभाजी अजून लोकांच्या कानात आहे. पोरगं ऐकून ऐकून पाठ करतं आणि नकळत नक्कल करतं.

गडकऱ्यांचं 'राजसंन्यास' तर मी सहसा देतच नाही. १९१९ साली गडकरी गेले आणि नाटक अपुरं राहिलं, पण भाषा अशी की वाचताना माणूस हरखतो. विशीतल्या पोराचा सगळा दम मात्र त्या अनुप्रासांतच संपतो, पात्रासाठी काही उरत नाही. शिवाय याच नाटकातल्या संभाजीच्या चित्रणावरून २०१७ साली पुण्यातला गडकऱ्यांचा पुतळा फोडून नदीत टाकला गेला. हातात घेतलेल्या नाटकाची ही बाजूही ठाऊक हवी.

खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त (१९०९) सगळ्यांची उडी रामशास्त्र्यांवर. पण रामशास्त्री मोठे दिसतात ते समोर राघोबाची सत्ता उभी असते म्हणून. रिकाम्या खोलीत तोच उतारा हेडमास्तरांच्या दटावणीसारखा वाटतो. त्यापेक्षा राघोबा घ्या. गादीचा मोह आणि पुतण्याच्या खुनाची भीती एकाच माणसात आहे, त्यामुळं आवाज न चढवताही करण्याजोगं पुष्कळ मिळतं. मुलींनी आनंदीबाई जरूर वाचावी. तिला नवऱ्याला वळवायचं असतं, म्हणून तिच्या वाक्यांना काम असतं.

तयार स्वगत नसेल तर संवादातून उतारा काढावा लागतो. समोरच्याची वाक्यं गाळली तरी ती ऐकण्यापुरता वेळ ठेवायचा. दोन प्रवेशांतले तुकडे मात्र जोडू नयेत, पात्राची मनःस्थिती तुटते. आणि नाटक पूर्ण वाचा. या प्रसंगाआधी काय घडलं, असं हमखास विचारतात आणि मोबाइलवरची क्लिप तिथं उपयोगी पडत नाही. जुनी नाटकं कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन शोधावीत.

उच्चारांचा धसका आपल्याकडच्या पोरांना फार. 'पानी' नको, 'पाणी' हवं, एवढं घोटून घ्यावंच. पण मराठे सरदार सदाशिव पेठेतलं बोलत असतील असं मला तरी वाटत नाही, तेव्हा उसना हेल कशाला?

तालमीत घरातल्या कुणाला तरी समोर बसवा आणि साध्या आवाजात, बसूनच उतारा म्हणा. ऐकणारा मध्येच उत्तर द्यायला लागला, तर उतारा पक्का करा. जिरेटोप आणि लाकडी तलवार घरीच ठेवा.