एकाच पोराला तीन फोन

"सर, तुम्ही सगळे एकाच कॉलेजात आहात ना?" सायखेड्याच्या एका माजी विद्यार्थ्यानं मला विचारलं, तेव्हा तो बागेत छाटणीवर होता. आठवड्यात आमच्याकडून त्याला गेलेला तो तिसरा फोन. आधी ग्रंथालयानं पुस्तकांसाठी देणगी मागितली, मग राष्ट्रीय सेवा योजनेनं शिबिराला बोलावलं आणि शेवटी मी, मेळाव्याचं निमंत्रण घेऊन. आम्ही तिघं रोज एकत्र चहा पितो.

मेळाव्याला दोनशे खुर्च्या मांडल्या. माणसं आली एकोणीस, त्यांतले पाच आमचेच प्राध्यापक. तारीख ऑक्टोबरची, माझीच निवड. निफाड तालुक्यात ऑक्टोबर छाटणीच्या ऐन गडबडीत द्राक्षवाल्यांना भाषणं ऐकायला बोलावणारा शहाणा मीच! खरं सांगायचं तर कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात तेव्हा माजी विद्यार्थ्यांचा सहभाग विचारत आणि मला त्यासाठी फोटो हवे होते. पोरांना हे बरोबर कळतं.

2019च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी चांदोरी-सायखेड्यात शिरलं, तेव्हा अशीच पोरं कुणी न बोलावता मदतीला धावली होती. तिथं काम समोर दिसत होतं. आम्ही मात्र नुसतं "कॉलेजसाठी काहीतरी करा" म्हणत होतो.

पुढं सगळ्या विभागांत मिळून एकच वही ठेवली. कुणी, कुणाला, कशासाठी फोन केला आणि तो काय म्हणाला, हे लिहिल्याशिवाय दुसरा फोन नाही. "हा आमच्या विभागाचा विद्यार्थी" यावरून दोन विभागप्रमुखांत जुंपली, तेही मिटलं. तुम्ही हे करणार असाल तर कार्यालयातल्या लिपिकाला पहिल्या बैठकीपासून घ्या. जुने पत्ते त्याच्याकडं असतात. शिवाय माजी विद्यार्थी दाखल्यासाठी येतो तो त्याच्याच खिडकीशी. तिथं कुणी खेकसलं की आपलं निमंत्रण वाया.

काम नेमकं मागा: शनिवारी दोन तास ये, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना पीककर्जाचा अर्ज भरून दाखव. त्याच फोनवर देणगीचा विषय काढू नका.

मेळावा दिवाळीत घ्या. पुण्या-मुंबईची पोरं गावी असतात, कांद्याचे लिलावही काही दिवस बंद असतात. आपली सुट्टी बुडते, बुडू द्या. आणि शाल-नारळ आवरते घ्या, त्यांना परत बागेत जायचं असतं.