पडद्यावर सरकणारा पट्टा

पडद्यावर संथपणे सरकणारा धूसर आडवा पट्टा, आणि स्पीकरमधून अखंड गुणगुण. ही दोन लक्षणं एकत्र दिसली की टीव्ही किंवा प्रोजेक्टर बदलायच्या आधी घरचं अर्थिंग बघा. हे कळकळीनं सांगतोय, कारण आमच्याकडे या पट्ट्यावर केलेला उपायच जिवावर बेतणार होता.

आमचं घर मंगळवार पेठेतलं, जुन्या वाड्याच्या वाटण्या झालेलं. सोपा तेवढा सामाईक. एका भिंतीवरचा बोर्ड आमच्या मीटरवर, समोरचा थोरल्या भावाच्या. २०२२च्या फुटबॉल विश्वचषकाला सोप्यात प्रोजेक्टर लावायचं ठरलं. कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की पेठाच्या पेठा जाग्या असतात, त्यात १८ डिसेंबरला अर्जेंटिना आणि फ्रान्सची फायनल. केबलचा बॉक्स आणि होम थिएटर पडद्याखाली आमच्या बोर्डावर, प्रोजेक्टर समोर भावाच्या बोर्डावर, मध्ये लांबलचक पिवळी एव्ही वायर. चालू करताच पट्टा फिरायला लागला.

जोडणीला आलेल्या माणसानं होम थिएटर आणि प्रोजेक्टर, दोन्हींच्या तीन पिनांच्या जागी दोन पिना बसवून दिल्या. पट्टा गेला, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी पुतण्यानं आवराआवर करताना केबलची वायर सोडवली आणि अनवाणी पायानं होम थिएटर उचलायला गेला, तर हाताला झिणझिण्या आल्या. त्या पत्र्याच्या बॉडीला जमिनीशी जोडणारी केबलची जाळी हीच एक वाट उरली होती, आणि तीही त्यानं नुकतीच काढली होती. आतली एखादी वायर सुटून बॉडीला लागली असती, तर झिणझिण्यांवर भागलं नसतं.

पेठेतल्या जुन्या वायरमन मामांना बोलावलं. ते आले ते टेस्टर न काढताच म्हणाले, "पट्टा गेला म्हंजे बिघाड गेला न्हवं. एकेक वायर काढून बघा की."

आता तेच तुम्हाला सांगतो. आधी प्रोजेक्टरला किंवा टीव्हीला काहीही न जोडता त्याचा स्वतःचा मेनू पडद्यावर आणा. चित्र स्वच्छ असेल तर यंत्र ठीक आहे. मग एकेक वायर जोडत जा. जी जोडताच पट्टा उमटतो तिथं कारण सापडतं. केबलची वायर सोडवल्यावर पट्टा गेला तर वाट तिच्यातून आहे. आमच्याकडे तीन पिना परत बसवून ती सोडवल्यावर पट्टा फिका झाला, आणि प्रोजेक्टरसुद्धा आमच्याच बोर्डावर घेतल्यावर पूर्ण गेला.

कारण असं की दोन मीटर म्हणजे दोन वेगळी अर्थिंगं, आणि दोन्हींत थोड्याफार व्होल्टचा फरक राहतोच. केबलच्या वायरीवरची जाळी खांबावरच्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत गेलेली असते, ते तिसरं टोक. ही टोकं एव्ही वायरीच्या जाळीनं जोडली गेली की तिच्यातून करंट फिरतो आणि ५० हर्ट्झची लहर चित्रात मिसळते. पिवळ्या वायरीतलं चित्र सेकंदाला ५० वेळा आखलं जातं. आपल्या ग्रीडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवायची असते. दोन्ही जवळजवळ सारखे, पण तंतोतंत नाहीत, म्हणून पट्टा हळूहळू सरकतो. एकाऐवजी दोन पट्टे दिसले, तर बहुधा अर्थिंग नसून एखाद्या अ‍ॅडॉप्टरचा कपॅसिटर कमजोर झालेला असतो.

उपाय साधा आहे. सगळी यंत्रं एकाच सॉकेटवरच्या चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तरीही पट्टा राहिला तर केबलच्या वायरीत बॉक्सच्या अलीकडे आयसोलेटर बसवा. तो सिग्नल जाऊ देतो, ५० हर्ट्झ अडवतो. छतावर डीटीएचची छत्री असेल तर मात्र हा आयसोलेटर चालत नाही, कारण छत्रीवरच्या एलएनबीला लागणारे १३ किंवा १८ व्होल्ट त्याच वायरीतून वर जातात.

एचडीएमआय वायरीत असा पट्टा येत नाही. तिथं पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदा क्षणभर काळा होतो, तो वायरीचा दोष. सेकंदाला ६० फ्रेमचं फोर-के चित्र १८ गिगाबिटपर्यंतची वायर मागतं. लांब, स्वस्त वायर तिथं कमी पडते. सेटिंग १०८० वर आणून बघा, ठिपके गेले तर वायर बदला.

तीन पिनांतली वरची पिन जाड आणि लांब असते ती मुद्दाम. प्लग घालताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि काढताना शेवटी सुटावं, यासाठी ती तशी केलेली आहे. ती कुणालाही तोडू देऊ नका, दोन पिनांचं कन्व्हर्टरही नको. त्याहून वाईट प्रकार जुन्या घरांत दिसतो: अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंगचा स्क्रू तारेनं जोडलेला असतो. वाटेत न्यूट्रल तुटला की फ्रीजपासून प्रोजेक्टरपर्यंत प्रत्येक बॉडीवर २३० व्होल्ट येतात. २०१९ किंवा २०२१ला पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांनी अर्थिंगच्या खड्ड्यातला जोड गंजलाय का, हेही बघून घ्यावं. मे महिन्यात माती सुकली की खड्ड्यात पाणी ओता. आणि सॉकेट लायसन्सवाल्या वायरमनकडूनच, मेन स्विच बंद करून उघडून घ्या.