सांदवाडीची मजुरी

॥ श्री ॥
देवरी, आश्विन शुद्ध द्वितीया

चि. बाळ यास,

पत्रास कारण की, काल महामार्गावरच्या चौकात चहा घेत असता तुझ्या नावाचा जो उल्लेख कानी पडला, तो ऐकून पेला अर्धाच ठेवून मी उठलो. गणपतीच्या आधी ज्या बायांनी आपली घरालगतची सांदवाडी साफ केली, त्यांची मजुरी अद्याप चुकती झालेली नाही, आणि त्याचा जाब विचारला असता तुझा मुकादम चारचौघांत सांगतो की साहेबांनी नागपुराहून मोबाईलवर रक्कम पाठविली आहे, पुढचे साहेबांनाच विचारा. चौकातल्या वार्तेवर विसंबण्याचे माझे वय नाही, म्हणून मी स्वतः जाऊन चौकशी केली. रक्कम मुकादमाच्या खात्यात आली; तीतून त्याने आपली दस्तुरी कापली आणि उरलेली एका बाईच्या मुलाच्या खात्यात टाकली. तो मुलगा कामासाठी हैदराबादेस आहे. कागदोपत्री तू निर्दोष आहेस. बायांच्या हाती मात्र त्यातला रुपया पडलेला नाही.

तू म्हणशील, काका, मी तर दिले. दिलेस, हे मान्य. पण ज्याने घाम गाळला त्याच्या हाती मजुरी पडेपर्यंत ती दिली असे आपल्या घरात कोणी म्हणत नसे. तुझे आजोबा जमीनदाराकडे दिवाणजी होते, हे तुला ठाऊक आहेच. दसऱ्याआधी वाड्याभोवतीचे गवत काढण्यास गोंड-हलबांच्या टोळ्या कशा हुकमाने आणल्या जात आणि सायंकाळी रिकाम्या हाती परत पाठविल्या जात, हे ते सांगत तेव्हा त्यांचा स्वर खाली येई. १९५१ साली ती जमीनदारी-मालगुजारी संपली, बेगारीस तर राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानेच मनाई केली, आणि तुझ्या वडिलांनी, दादांनी, घर बांधले तेव्हा आजोबांनी त्यांना एकच अट घातली की या अंगणात राबलेल्या माणसाचा हिशेब दिवेलागणीच्या आत झाला पाहिजे. तुझा हिशेब महिनाभर लोंबकळतो आहे.

घर ठेवायचे तर माणसे लावणे आलेच, आणि तू दूर राहतोस म्हणून ते काम तुला उमगले नसेल, हेही मी समजतो. आपल्याकडे माणूस केव्हा मिळतो हे धानाच्या पंचांगावर ठरते. आषाढ-श्रावणात रोवणी चालू असता, बांध्यांतून गुडघाभर चिखलात पऱ्हे लावणाऱ्या बायांना कोणी अंगणातले गवत काढायला बोलावू नये. त्या आल्या तरी तुझ्या वाडीपायी कोणाचा तरी शेतातला हंगाम बुडतो. कार्तिकात कापणी, चैत्रात पहाटेच मोह वेचायला रान गाठायचे, त्यापुढे तेंदूपत्ता. भाद्रपद-आश्विनाचा मधला काळ तेवढा मोकळा, आणि नेमका तोच घरात पैशाची चणचण असण्याचा. त्या काळात अडकलेल्या मजुरीचे मोल नोटांवरच्या आकड्याहून कितीतरी अधिक असते, हे ध्यानात घे.

मुकादम शक्यतो मध्ये घेऊ नकोस. चिचगडच्या बाजूने सकाळी चौकात येणाऱ्या बायांशी मी स्वतः बोलेन. काम ठेक्याने देऊ नये, रोजाने द्यावे. ठेक्यात गवत वरवर कापले जाते आणि मुळे जमिनीतच राहतात, हा माझा जन्मभराचा अनुभव आहे. बाईला कमी आणि पुरुषाला जास्त ही चौकातली वहिवाट आपल्या फाटकाच्या आत चालू देऊ नकोस. १९७६ साली त्यासाठी कायदा झाला, परंतु कायदा नसता तरी निंदण करताना कोणाची पाठ अधिक वेळ वाकलेली असते ते आपल्याला दिसतेच.

दुसरी गोष्ट सापांची. पावसाळ्यानंतर त्या गवतात घोणस असते, विटांच्या ढिगाखाली मण्यार. आणि तुझ्याकडे राबणाऱ्या बाया अनवाणी होत्या. आधी लांब काठीने गवत हलवून घ्यावे, ढिगात उघडा हात घालू नये, पायांत रबरी बूट असावेत, आणि दंश झालाच तर बांधणे, कापणे, मांत्रिक असले काहीही न करता तडक ग्रामीण रुग्णालयात न्यावे. हा खर्च मालकाचा, हे निराळे सांगणे न लगे.

पुढच्या वेळी माणसेच नकोत, तणनाशक मारू, असे तू मुकादमाला फोनवर म्हणालास, हेही कळले. बाबा, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीने कित्येक शेतकरी-मजुरांचे प्राण गेले, ते तू विसरलास काय? ते औषध निराळे होते असा युक्तिवाद करशील. पण तोंडाला फडके नसलेला फवारणारा माणूस तोच असतो. शिवाय ज्याला तू तण म्हणतोस त्यात कोवळ्या तरोट्याची भाजी निघते, भुईआवळा असतो. त्या बाया कामाचे काम करून ओटीत भाजीही नेतात. गाजरगवत मात्र फुलण्याआधी मुळासकट उपटावे, आणि कुजवायचे ते उकिरड्यावर; जाळू नये.

मी इतका का चिडलो ते सांगतो. आपला भाग भंडारा जिल्ह्यात होता त्या काळी मी कारकून असताना रोजगार हमीच्या एका कामाचे हजेरीपट माझ्या टेबलावर आले होते. त्यांवर सह्या घेऊन ते पुढे पाठवायचे, एवढेच काम. पण मित्राच्या लग्नाची घाई होती, म्हणून ते कपाटात ठेवून मी रजेवर गेलो. आठवडी बाजाराचा दिवस गेला, मजूर कचेरीच्या पायरीवर बसून रिकाम्या हाताने परतले. मला कोणी बोल लावला नाही, कारण माझ्या नावावर चूक दिसतच नव्हती. आज तुझ्याही नावावर दिसत नाही, म्हणून तर हे पत्र.

रागावून लिहिले खरे. पण वडील गेल्यावर अनेकांनी घरे विकून टाकली, दादा गेल्यावर तू मात्र कौले परतवून घेतलीस, फाटक रंगविलेस, हे मी रोज येता-जाता पाहतो आणि मनोमन सुखावतो. तुझ्या आईने, म्हणजे वहिनींनी, लावलेला पारिजातक मुकादम तोडायला निघाला होता. त्या बायांतल्या वयस्क बाईने हात धरून अडविला, मालकिणीचे झाड आहे म्हणाली. तिला वहिनी आठवतात. तिचीही मजुरी हैदराबादेत आहे.

तूर्त मी माझ्या निवृत्तिवेतनातून सगळ्यांची रक्कम चुकती केली आहे. तिचा हिशेब मला नको. मुकादमाकडून वसूल होईल ते त्या बायांच्या रबरी बुटांसाठी खर्च कर. दिवाळीस एकटा येऊ नकोस, सूनबाईला व नातीला घेऊन ये आणि चार दिवस राहा. तू स्वतः त्या बायांना भेटून दोन शब्द बोललास तर मला फार बरे वाटेल. तुझा खोकला गेला की नाही, तेवढे उलटटपाली कळव.

तुझा,
काका