'लर्च' हा शब्द आणि त्याचे सोबती

परभाषेंतील नामाचा अर्थ कोश पाहून कळतो. परंतु हालचाल दाखविणाऱ्या शब्दाचा अर्थ कळण्यास डोळ्यांपुढें चित्र उभें करावें लागतें. कोशांत अशा शब्दापुढें तीनचार मराठी प्रतिशब्द दिलेले असतात, आणि विद्यार्थी बहुधा त्यांतील पहिलाच उचलतो. यायोगें किती घोटाळा होतो हें 'लर्च' या इंग्रजी शब्दावरून आपण पाहूं.

या अर्थाचा 'लर्च' हा शब्द खलाशांच्या बोलींतून आला आहे. अठराव्या शतकांत 'ली-लर्च' असा प्रयोग आढळतो. वारा ज्या बाजूकडून येतो तिच्या उलट बाजूस 'ली' म्हणतात. मोठी लाट आदळून जहाज त्या बाजूस एकाएकीं कललें म्हणजे तो 'लर्च' होय. भाऊच्या धक्क्यावरून रेवसास जाणाऱ्या लाँचींत जे बसले असतील, त्यांस हें निराळें सांगावयास नको. लाँच संथपणें दोन्ही बाजूंस डोलत असते, तो 'रोल'. आणि मध्येंच एक लाट येऊन सर्व उतारू एका बाजूस कोलमडतात, तो 'लर्च'.

यावरून शब्दाचीं लक्षणें ठरतात. हालचाल अवचित असावी. तिनें तोल जावा. आणि ती कोणत्या तरी एका दिशेकडे झुकलेली असावी. म्हणूनच इंग्रजींत या शब्दापुढें 'फॉर्वर्ड', 'साइडवेज' असे दिशादर्शक शब्द पुष्कळदा येतात. नाम म्हणून वापरतांना 'द शिप गेव्ह ए लर्च' अशी रचना करितात.

आतां याचे सोबती पाहा. पाळणा हलतो तें 'रॉक'. त्यांत तोल जाण्याचें भय नाहीं. चाक खड्ड्यांत जाऊन बैलगाडीस गचका बसतो तो 'जोल्ट'. दोरीस हिसका देतात तो 'जर्क'. मनुष्य पाय सावरीत, पुनःपुन्हा लटपटत चालतो तें 'स्टॅगर'. अशक्त मनुष्य किंवा नुकतें चालूं लागलेलें मूल डळमळत पाउलें टाकितें तें 'टॉटर'. भोवळ येऊन किंवा मद्याच्या धुंदींत मनुष्य झोकांड्या खातो तें 'रील'.

बायरनच्या 'डॉन जुअन' काव्याचा दुसरा सर्ग १८१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत नायक जहाजावर आपल्या प्रियेचें पत्र हातीं घेऊन अढळ प्रेमाच्या आणाभाका घेत असतां जहाज एकदम 'लर्च' करितें, आणि मळमळ सुटून त्याचें भाषण अडखळत अडखळत अखेर खुंटतें. जहाज नुसतें डोलत होतें असें कवीनें लिहिलें असतें, तर हा विनोद साधला नसता.

परंतु योग्य शब्द निवडणें हें केवळ परीक्षेंतील गुणांसाठीं नव्हे. समजा, दीर्घ दुखण्यांतून उठलेला एक गृहस्थ रस्त्यानें जात असतां पाय घसरून गाडीवर कलंडला. साक्षीदारानें न्यायालयांत मराठींत एवढेंच सांगितलें कीं, "तो एकदम कलला." भाषांतर करणारानें तेथें 'लर्च' लिहिलें तर साक्ष जशीच्या तशी राहिली. त्यानें 'रील' लिहिलें, तर वाचणारास दारूचा वास येईल. आणि एका शब्दामुळें निर्व्यसनी मनुष्य मद्यपी ठरेल. मराठींतही "तो कलला" आणि "तो झोकांड्या खात आला" यांत हेंच अंतर आहे. शब्द हालचाल सांगतो, तसाच हालचाल करणाराविषयीं निकालही देतो.

हा शब्द मनाच्या हालचालीसही लावतात. वाईट बातमी ऐकून हृदयानें 'लर्च' केलें असें इंग्रज म्हणतो. तेथें "हृदय कललें" असें लिहिणें हास्यास्पद होईल. आपण "काळजांत धस्स झालें" असें म्हणतों. एखाद्यास 'इन द लर्च' सोडणें हा वाक्प्रचार मात्र निराळ्या कुळांतला आहे. 'लूर्श' नांवाच्या एका जुन्या फ्रेंच खेळांत गडी फार मागें पडून हरला कीं त्याच्या त्या स्थितीस हें नांव असे. त्यावरून, ऐन अडचणींत एखाद्यास वाऱ्यावर सोडणें, असा अर्थ आला. जहाजाच्या कलण्याशीं त्याचा संबंध नाहीं.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, असा शब्द लिहिण्यापूर्वीं चार प्रश्न मनाशीं विचारावे: काय हाललें? कोणत्या बाजूस? एकदां कीं वारंवार? आणि कशामुळें? या प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे कोशांतील चार अर्थांपैकीं कोणता घ्यावा हें आपोआप कळेल, आणि आपल्या लेखणीनें कोणावर अन्यायही होणार नाहीं.